वर्ष होईपर्यंत पन्नास लाख नुसते पडू द्या

एका ताईंचा प्रश्न आलाय, थोडक्यात असा. मिस्टर नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या एका कंपनीत 16 वर्षं होते, 44 व्या वर्षी हार्ट अटॅकने गेले, तेरवी होऊन दीड महिना झाला. टर्म इन्शुरन्सचे 50 लाख ताईंच्या सेव्हिंग खात्यात आलेत. पीएफ 11 लाखाच्या आसपास आहे, तो अजून यायचाय. मनीषनगरच्या फ्लॅटवर 19 लाख लोन बाकी, हप्ता 24 हजार. हप्ता सोडून घरखर्च 32 हजार. मुलगा तेरा वर्षांचा, मुलगी साडेनऊची, सासूबाई सोबतच. ताई घरी शिकवण्या घेतात, त्याचे महिन्याला बारा हजार येतात. भासरे, म्हणजे मिस्टरांचे मोठे भाऊ, म्हणतात जामठ्याकडे प्लॉट घेऊन टाक, भाऊ म्हणतो आधी लोन फेड, आणि बँकेतला माणूस सारखा फोन करून एक 'गॅरंटीड, टॅक्स फ्री' प्लॅन सांगून राहिला. कुणाचं ऐकू?

ताई, तुमच्या प्रश्नात तिघांची घाई दिसते, तुमची स्वतःची घाई मला कुठेच दिसली नाही. मी धंतोलीत बसते, फी घेऊन सल्ला देते, पॉलिसी किंवा फंड विकत नाही, त्यामुळे विकणाऱ्यांबद्दल माझं मत जरा कडूच असतं, तेवढं वजा करून पुढचं वाचा.

माझ्याकडे अशा घरांतून जे येतात त्यांना मी पहिल्या भेटीत एकच सांगते, वर्ष होईपर्यंत परत फिरवता येणार नाही असं काही करायचं नाही. एफडी मोडता येते, प्लॉट मोडता येत नाही. पाच वर्षं लॉक असलेला प्लॅन मोडता येत नाही. दिराला, मामेभावाला दिलेले उसने पैसे तर विसराच. आणि ही थांबायची गोष्ट नुसती मन स्थिर नाही म्हणून नाही, आत्ता तुम्हाला हिशोबच पुरता माहीत नाही हे त्याचं मोठं कारण आहे. एकूण किती पैसे येणार ते ठरलेलं नाही, लोन खरंच फेडावं लागणार का ते ठरलेलं नाही, तुम्ही याच घरात राहणार की माहेरच्या गावाजवळ जाणार, नोकरी धरणार की शिकवण्याच वाढवणार, यातलं काहीच ठरलेलं नाही, आणि गुंतवणूक मात्र आजच ठरवायची, असं कसं होईल?

नातेवाईकांना नाही कसं म्हणायचं हा वेगळा त्रास असतो, तो मला माहीत आहे. भासरे चांगल्या मनानंच सांगत असतील. त्यांच्याशी प्लॉट चांगला की वाईट या वादात पडूच नका, तिथं तुम्ही हराल, कारण त्यांच्याकडे मेट्रो, मिहान, समृद्धी सगळं तोंडपाठ असणार. सरळ म्हणा, "भाऊजी, वर्षश्राद्ध होईपर्यंत पैशाचं काहीच करायचं नाही असं मी आणि आईंनी ठरवलंय." आपल्याकडे यावर कुणी पुढे बोलत नाही. सासूबाईंना आधी विश्वासात घ्या म्हणजे झालं, आणि त्यांना विश्वासात घ्यायचं दुसरंही एक कारण आहे, ते फ्लॅटच्या वेळी सांगते.

आता हे पैसे वर्षभर ठेवायचे कुठे. सगळे 50 लाख एका सेव्हिंग खात्यात ठेवू नका, कारण तिथं व्याज कमी आणि त्या बँकेच्या माणसाला स्क्रीनवर आकडा दिसतो म्हणून तर फोन येऊन राहिले. दोन-तीन मोठ्या बँकांत वाटा, आणि एकच मोठी एफडी न करता पाच-पाच लाखाच्या वेगवेगळ्या करा, काही तीन महिन्यांच्या, काही सहा, काही वर्षाच्या. म्हणजे मधेच गरज पडली तर एकच मोडावी लागते, बाकीच्यांना हात लागत नाही. सहा महिन्यांचा खर्च, हप्ता धरून साडेतीन लाखाच्या आसपास, तेवढा मात्र सेव्हिंगमध्येच राहू द्या. बँक बुडाली तर ठेव विमा एका माणसाला एका बँकेत व्याजासकट 5 लाखापर्यंतच असतो, हे 2020 पासून आहे, त्याआधी तर एकच लाख होता. मोठ्या सरकारी बँकेत मला त्याची फार काळजी वाटत नाही, छोट्या बँकेत वाटते. पतसंस्थेला तर तो विमा लागूच नाही. कुणी एक-दीड टक्का जास्त देतो म्हणून पतसंस्थेत नेऊ नका, ओळखीचा संचालक असला तरी नाही. जिल्हा बँकेचा 2002 चा रोखे घोटाळा ज्यांनी नागपुरात राहून बघितलाय त्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही.

या वर्षात खरं काम आहे ते कागदांचं, आणि त्यातच पैसा लपलेला असतो. लोक 50 लाखाचं काय करू यावर महिनाभर चर्चा करतात आणि हक्काचे सात लाख मागायचेच राहून जातात, असं मी बऱ्याच घरी बघितलंय.

पीएफचा क्लेम करताना तीन वेगळ्या गोष्टी मागायच्या असतात. एक म्हणजे जमा रक्कम, फॉर्म 20. दुसरी विधवा पेन्शन आणि मुलांची पेन्शन, फॉर्म 10 डी. तिसरी ईडीएलआय, म्हणजे नोकरीत असताना मृत्यू झाला तर मिळणारा विमा, फॉर्म 5 आयएफ. हा तिसरा फॉर्म लोकांना माहीतच नसतो. त्यात शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी पगाराच्या 35 पट धरतात, पण पगार 15 हजारापर्यंतच धरतात, म्हणजे सव्वापाच लाख, आणि वर पीएफ शिलकीच्या निम्मे, कमाल पावणेदोन लाख. तुमच्या आकड्यावरून तुम्हाला पूर्ण 7 लाख बसतात. काही कंपन्यांनी ईडीएलआयच्या जागी वेगळा ग्रुप विमा घेतलेला असतो, ते एचआरला विचारा. पेन्शन फार नसते, तुमच्या केसमध्ये तीन हजाराच्या आसपास धरा, आणि दोन मुलांना प्रत्येकी त्याच्या पाव, ते 25 वर्षांचे होईपर्यंत. मिळून साडेचार हजार. छोटी वाटते, पण तुमची आयुष्यभर चालणारी आहे. मिस्टरांनी ऑनलाइन नॉमिनेशन केलेलं असेल तर क्लेम घरबसल्या भरता येतो, नसेल तर कंपनीच्या सही-शिक्क्याने रघुजी नगरच्या पीएफ ऑफिसात द्यावा लागतो. आधीच्या एखाद्या नोकरीचा पीएफ ट्रान्सफर न होता तसाच पडला असेल तर तोही बघा.

ग्रॅच्युइटीला पाच वर्षांची अट असते ती मृत्यूच्या बाबतीत नसते, तुमची तर 16 वर्षं आहेत. बेसिक आणि डीए मिळून 28 हजार धरले तर 15 भागिले 26 गुणिले 16, अडीच लाखाच्या वर होतात. शिल्लक रजेचे पैसे, बोनस, कंपनीचा ग्रुप टर्म विमा असेल तर तो, हे सगळं एचआरला एकाच मेलमध्ये लेखी विचारा. फोनवर "हो ताई, बघतो" म्हणतात आणि मग तो माणूसच बदलून जातो.

आता घरातलं पासबुक काढा, मिस्टरांच्या सगळ्या खात्यांचं, आणि मे-जूनच्या नोंदी बोट ठेवून वाचा. कुठे 436 रुपये कापलेले दिसले तर ती प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना, मृत्यू कोणत्याही कारणानं झाला तरी 2 लाख. 20 रुपये कापलेले दिसले तर ती अपघाताची योजना, ती हार्ट अटॅकला लागू होत नाही. हे 436 रुपये बहुतेकांनी खातं उघडताना सही करून दिलेले असतात आणि विसरलेले असतात. माझ्या टेबलवर पासबुक आलं की मी पहिले हीच ओळ शोधते, आणि सापडते बरं का, चांगल्या शिकलेल्या घरांतसुद्धा सापडते. सापडली तर त्या बँकेत क्लेम लगेच टाका.

तसंच होम लोनच्या फाइलचं. लोन अकाउंटचं स्टेटमेंट अगदी पहिल्या पानापासून मागवा, लोन दिलं त्या महिन्यापासून. बऱ्याचदा तेव्हाच एक रक्कम विम्याच्या नावानं कापलेली किंवा लोनमध्येच जोडलेली असते. ती असेल तर विमा कंपनी उरलेलं लोन पूर्ण किंवा बरंचसं भरते. म्हणून भावाचं म्हणणं हिशोबानं बरोबर असूनही मी आज लोन फेडू नका म्हणते. आधी फेडलं आणि नंतर कळलं की विमा होता, तर ते निस्तरत बसायला तुमच्याकडे आत्ता ताकद नाही. तोवर हप्ता मात्र चुकवू नका, मिस्टरांचं खातं बंद पडलं की ऑटो डेबिट थांबतं, तेव्हा बँकेला लेखी पत्र देऊन हप्ता तुमच्या खात्यातून चालू करा.

मिस्टरांचं एटीएम किंवा फोन पे वापरून त्यांच्या खात्यातले पैसे काढू नका. सगळे करतात, पिन माहीत असतो, पण मृत्यूनंतर ते करणं चुकीचं आहे आणि उद्या दुसऱ्या वारसानं विचारलं तर उत्तर देता येत नाही. कागद पूर्ण दिले की बँकेनं 15 दिवसांत क्लेम निकाली काढायचा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, तो नियम काउंटरवर शांतपणे बोलून दाखवा, फरक पडतो. त्यांचा मोबाइल नंबर मात्र बंद करू नका, रिचार्ज करत राहा. पॉलिसीचे रिमाइंडर, म्युच्युअल फंडाचे मेसेज, शेअरचा डिव्हिडंड, सगळं त्याच नंबरवर येतं आणि त्यावरूनच कळतं की अजून कुठे काय आहे. त्यांचं शेवटचं इन्कम टॅक्स रिटर्नही वारस म्हणून तुम्हालाच भरायचंय, पगारातून टीडीएस कापलेला असेल तर रिफंड निघू शकतो.

मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती मनपाच्या झोन ऑफिसातून एकदमच दहा-बारा घेऊन ठेवा. पण त्याआधी त्यावरचं नाव अक्षर न् अक्षर वाचा. आपल्या विदर्भात नावापुढचं 'राव' फार घोळ करतं, आधारवर राव असतं, पीएफला नसतं, पॉलिसीत नुसतं इनिशियल असतं, आणि प्रत्येक ठिकाणी मग अॅफिडेव्हिट करत फिरा. चूक असेल तर आत्ताच दुरुस्त करून घ्या. आणि एक लाँग साइज रजिस्टर करा, त्यात तारीख, ऑफिस, कोण भेटलं, काय म्हणालं, कोणता कागद दिला एवढंच लिहायचं. दोन महिन्यांनी कोणत्या खिडकीवर काय दिलं होतं हे कुणालाच आठवत नाही, तुम्हाला तर नाहीच आठवणार.

आता फ्लॅट. फ्लॅट एकट्या मिस्टरांच्या नावावर असेल आणि मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्यानं चार जण सारखे वारस होतात, तुम्ही, दोन्ही मुलं आणि सासूबाई. हो, सासूबाईसुद्धा, आई पहिल्या वर्गातली वारस असते. सोसायटीत किंवा बँकेत नॉमिनी म्हणून तुमचं नाव असलं तरी त्यानं तुम्ही एकट्या मालक होत नाही, नॉमिनी म्हणजे वारसांच्या वतीनं सांभाळणारा. विम्याचं जरा वेगळं आहे, तिथं पत्नी, मुलं, आई-वडील नॉमिनी असतील तर साधारणपणे 2015 नंतरच्या कायद्यानं पैसे त्यांचेच होतात, त्यामुळे 50 लाखाची चिंता नाही. पण फ्लॅटमध्ये मुलांचा हिस्सा आहे आणि अल्पवयीन मुलांची स्थावर मालमत्ता विकायला आईलासुद्धा जिल्हा न्यायालयाची परवानगी लागते. सासूबाई हक्कसोडपत्र करून देऊ शकतात, मुलं देऊ शकत नाहीत. म्हणजे उद्या कुणी म्हणालं की फ्लॅट विकून मोठा प्लॉट घेऊ, तर तेवढं सोपं नाही ते. हे वकिलाकडून एकदा नीट करून घ्या, आणि सासूबाईंना समोर बसवूनच करा, मागाहून कळलं की घरं तुटतात.

सगळं येईल तेव्हाचा हिशोब बघू. 50 लाख विमा, 11 पीएफ, 7 ईडीएलआय, अडीच ग्रॅच्युइटी, साडेसत्तर लाख झाले. तुमची मिळकत शिकवणी आणि पेन्शन धरून साडेसोळा हजार, खर्च हप्त्यासकट 56 हजार, म्हणजे महिन्याला साडेएकोणचाळीस हजाराची तूट, वर्षाला पावणेपाच लाख. साडेसत्तर लाखातून दर वर्षी पावणेपाच लाख काढायचे आणि ते महागाईबरोबर वाढवत न्यायचे, हे फार ताणलेलं होतं. लोन फेडलं तर हातात साडेएक्कावन्न लाख उरतात, पण तूट एकदम साडेपंधरा हजारावर येते, वर्षाला एक लाख शहाऐंशी हजार. हे पेलतं, आणि मुलांच्या शिक्षणाला थोडी जागाही उरते. लोनचा दर नऊ टक्के धरला तर 19 लाखाला अजून दहा वर्षं हप्ते आहेत, त्यात दहा लाखाच्या आसपास नुसतं व्याज जातं, आणि फ्लोटिंग दराच्या घरकर्जाला मुदतीआधी फेडल्याचा दंड नसतो. म्हणून विमा निघाला नाही तर सहा-आठ महिन्यांनी, पीएफचे पैसे हातात आल्यावर, लोन फेडा असंच मी म्हणीन, वर्षभर थांबायच्या नियमाला हा एक अपवाद. भाऊ बरोबर आहे, फक्त लवकर बोलला.

बँकेवाल्याचा प्लॅन नको, आणि त्याचं कारण त्याच्याच शब्दात आहे. तो टॅक्स फ्री म्हणून विकतोय, आणि तुम्हाला टॅक्स लागतच नाही. सगळ्या पैशाच्या एफडीचं व्याज, शिकवण्या आणि पेन्शन धरूनही तुमचं वर्षाचं उत्पन्न सहा-सात लाखाच्या वर जात नाही, आणि इन्कम टॅक्सच्या नव्या पद्धतीत 12 लाखापर्यंत असल्या उत्पन्नावर कर शून्य होतो. वर परत, सिंगल प्रीमियमच्या, म्हणजे एकदाच पैसे भरायच्या प्लॅनमध्ये विमा रक्कम प्रीमियमच्या दहा पट नसेल तर मुदतीअखेर मिळणारे पैसे करमुक्त नसतातच, हे तो सांगणार नाही. चुकून सही केली असेल तर पॉलिसी हातात आल्यापासून 30 दिवसांत परत करता येते, आजच लेखी अर्ज द्या.

प्लॉटचं म्हणाल तर जमीन वाईट असं माझं म्हणणं नाही. पण तुमच्या घरी दर महिन्याला पैसा लागणार आहे आणि प्लॉट महिन्याला काही देत नाही. शाळेची फी भरायला प्लॉटचा कोपरा विकता येत नाही. वर्षानंतरही घ्यावासा वाटला तर आधी विचारा, एन.ए. म्हणजे बिगरशेती आहे का, लेआउट मंजूर आहे का, आर.एल. म्हणजे प्राधिकरणाचं त्या प्लॉटचं पत्र आहे का. "होऊन जाईल" असं उत्तर आलं की उठून घरी या.

वर्षभर थांबा म्हणाले, पण काही गोष्टी थांबणाऱ्या नाहीत. कंपनीचा मेडिक्लेम मिस्टरांबरोबर संपला असणार, म्हणजे आज तुम्ही चौघं उघड्यावर आहात. एचआरला विचारा, त्याच विमा कंपनीकडे ग्रुपमधून वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का, म्हणजे वेटिंगचा काळ पुन्हा पहिल्यापासून मोजावा लागत नाही. ते जमलं नाही तर तुमची आणि मुलांची नवी पॉलिसी याच महिन्यात घ्या. सासूबाई सत्तरीच्या वर असतील तर त्यांचं आयुष्मान कार्ड काढा, उत्पन्न न बघता 5 लाखापर्यंत आहे. दुसरं म्हणजे मुलगी साडेनऊची आहे, सुकन्या समृद्धी खातं दहा वर्षं पूर्ण व्हायच्या आतच उघडता येतं. 250 रुपये भरून पोस्टात उघडून ठेवा, जास्त किती टाकायचे ते पुढे बघू.

तुमच्या शिकवण्यांबद्दल तुम्ही एका ओळीत लिहून सोडून दिलंय, मला मात्र या सगळ्यात तीच जागा सगळ्यात महत्त्वाची वाटते. महिन्याचे बारा हजार पंचवीस झाले तर लोन फेडल्यावरची तूट जवळपास मिटते, म्हणजे साडेएक्कावन्न लाखाला हात न लावता घर चालतं. यासाठी दोन-तीन लाख खर्च करावे लागले, बी.एड. असो, एखादी खोली भाड्यानं घेणं असो, तर ते मी बिनधास्त करू देईन, प्लॉटच्या आधी. अर्थात तुमची तब्येत, मुलांची शाळा, सासूबाईंना घरात कोण बघणार यावर ते आहे, ते मी इथून ठरवू शकत नाही.

शेवटी एक काम कटू आहे. आता मुलांच्या पालक तुम्ही एकट्याच आहात. तुमच्या सगळ्या खात्यांना नॉमिनी नव्यानं लावा, मुलं अल्पवयीन आहेत म्हणून त्यांच्यासाठी पैसे कोणी घ्यायचे त्याचंही नाव द्यावं लागतं, आणि एक साधं मृत्युपत्र करा, ज्यात तुमच्यानंतर मुलांचा पालक कोण हे लिहिलेलं असेल. दोन साक्षीदार लागतात, ते ज्यांना काही मिळणार आहे त्यांच्यापैकी नसावेत. नोंदणी सक्तीची नाही, केली तर बरं.

आणि फ्लॅटच्या इंडेक्स टूवर, म्हणजे खरेदीच्या नोंदणीच्या उताऱ्यावर, कुणाकुणाची नावं आहेत ते काढून मला कळवा. दोघांची असतील तर फक्त त्यांच्या अर्ध्या भागाचेच चार हिस्से होतात, पण मुलांच्या हिश्शासाठी कोर्टाच्या परवानगीची भानगड तशीच राहते.